गँगवेच्या अलीकडे

यलो गेटसमोर, रात्री साडेअकरानंतर,
इस्माईल नाखवांची गाडी लागते.
भुर्जी, खिमा, कडक पाव. तव्याचा एक कान तुटलेला.
आडनाव नाखवा, पण जहाज कधी हाकलं नाही.
एकतीस वर्षं भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी.
"नाखव्यांना जेवायला घातलं," म्हणतात.

मला प्रवासाची हौस, आणि पासपोर्ट कोरा.
म्हणून विचारतो:
चाचा, जगात सगळ्यात चांगलं कुठे खाल्लंत?

ते कांदा चिरत असतात. वर न बघता सांगतात:
वाल्परायसोची करंजी. आत खिमा, उकडलेलं अंडं
आणि एकच ऑलिव्ह, बीसकट.
"बी कुणी काढत नाही तिथे. आपला दात आपण सांभाळायचा."
जिनोआला हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं,
तांब्याच्या परातीत, भट्टीत भाजलेलं, वर मिरपूड.
"माझी आई करायची त्याहून जाड. मिठाला कमी."
इस्तंबूलचे शिनाणे, शिंपल्यातच भात भरलेला,
लिंबू पिळायचं आणि वरच्या शिंपल्यानेच उचलून खायचं.
डर्बनला पावाचं पोट कोरून त्यात मटणाचा रस्सा,
काढलेला गर वर टोपीसारखा.
बुसानला काडीवर चुण्या घालून टोचलेली माशाची पोळी

आणि तिचं कढण? मी मध्येच बोललो, कुठेतरी वाचलेलं.
कपात गरम गरम देतात म्हणे, फुकट.

सुरी थांबली.
"कढण नाही आलं कधी.
कढण कागदात बांधता येत नाही."

मग हळूहळू कळलं.
जहाज धक्क्याला लागलं की पोरं उतरायची.
जी उतरत नसत, पाळीवर असत,
त्यांना सहा वाजता जेवण लागायचंच.
एकतीस वर्षांत ते शहरात गेले चार वेळा,
त्यातली एक दाढ काढायला.
बाकी सगळं जग त्यांच्याकडे चालत आलं,
गँगवे चढून, कुणाच्या तरी जाकिटाच्या खिशातून,
निवलेलं, तेलाने आरपार झालेल्या कागदात.
करंजी मोडलेली. शिनाण्यांचा भात खिशात सांडलेला.
"मोंबासाची बटाटाभजी तर एकाने वाटेतच संपवली.
चिंचेचं पाणी तेवढं बाहीला लागलेलं.
मी बाही हुंगली."

मला राग आला. कुणाचा, ते कळेना.
म्हणजे गरम असं काहीच खाल्लं नाहीत?
"खाल्लं की. आपल्याच हातचं. रोज."

परवा गेटातून एक पोरगा आला,
बहुतेक फिलिपिन्सचा, काखेत हेल्मेट.
बोटांनी दोन दाखवले. एक उभ्या उभ्या खाल्ला,
तिखटाने नाक पुसत. दुसरा बांधा म्हणाला:
"फॉर कुक."

चाचांनी तव्यावरची भुर्जी बाजूला सारली.
ती माझी होती.
नवी तीन अंडी फोडली. कांदा जास्त, मीठ जास्त.
"थंड झालं की मीठ मरतं," हे मला.
पाव वेगळा, भुर्जी वेगळी, लिंबाची फोड वेगळी.
वर कागद, त्यावर कागद, त्यावर कागद,
आणि सगळ्याला खांद्यावरचा पंचा, गच्च.
पोरगा पैसे काढू लागला तर हात झटकला:
"रन," म्हणाले. "रन, रन."

तो खरंच पळाला.
गेटावरच्या शिपायाने कार्ड बघायला अडवला,
पुडकं सोडायला लावलं,
आणि इस्माईल नाखवा, अडुसष्ट वर्षांचे, गुडघे गेलेले,
रस्त्याच्या मधोमध जाऊन ओरडले,
ट्रकवाला हॉर्न वाजवतोय तरी ओरडले:
अरे सोड त्याला,
निवतंय!

इकडे माझी भुर्जी करपली.
तशीच खाल्ली.